घराचे खण, पाठीचे मणके

हैदराबादेतील जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास लिहिण्याची आपली एक ठरीव रीत आहे. आरंभ दप्तरापासून होतो. निजामाच्या राज्यात दफ्तर-ए-दिवाणी हे रायरायां या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे होते आणि दफ्तर-ए-माल हे मालवाला या कायस्थ घराण्याकडे, एवढे सांगून झाले की पुढे वकील, मुन्सफ आणि शिक्षक यांची मालिका सुरू होते. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांची नावे येतात. १९०७ ची विवेकवर्धिनी येते आणि केशवरावांच्या स्मरणार्थ १९४० साली निघालेली नारायणगुड्याची केशव मेमोरियल शाळाही येते. हा इतिहास खरा आहे आणि अभिमान धरावा असाही आहे. परंतु तो लेखणीचा इतिहास आहे. ज्या घरांत ही लेखणी चालली त्यांचे खांब कोणी तासले, तुळया कोणी चढवल्या, चौकटी कोणी बसवल्या, याची नोंद त्यात सापडत नाही.

ही उणीव केवळ इतिहासलेखनापुरती असती तर तिची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. पण तिचे परिणाम आता आपल्या दोन जवळच्या गोष्टींवर दिसू लागले आहेत. एक, गावाकडचे घर, जे मोडून लाकडाच्या भावाने विकले जात आहे. आणि दुसरी, बसून बसून दुखावलेली आपली पाठ. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध हाताचा आहे, आणि तोच दाखवण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे.

प्रथम घराकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांची मूळ गावे नांदेड, परभणी, बीड, लातूर, धाराशिव किंवा बीदर या टापूंतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा ही गावे मुंबई राज्यात किंवा म्हैसूर राज्यात गेली आणि आपण इकडे राहिलो. त्या गावांतील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या आणि त्या सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. चार खांबांमधील जागेला खण म्हणतात. घर केवढे, याचे उत्तर फुटांत नव्हे, खणांत मिळत असे. ढाळज इतक्या खणांची, सोपा इतक्या खणांचा, धान्याची कोठी इतक्या खणांची, अशी ती भाषा होती. भावांच्या वाटण्या झाल्या तरी भिंतीपेक्षा खण मोजले जात, कारण घर उभे असे ते खणांवर. भिंत ही केवळ आडोशाची.

हे खण उभे करणारा सुतार गावाच्या व्यवस्थेत कोठे होता, हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात वाचावयास मिळते. बलुतेदारांच्या थोरल्या कासेत सुताराचे नाव आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांवाचून शेती नाही आणि सुतारावाचून नांगर नाही, म्हणून त्याचा मान मोठा. पण तो मान खळ्यावरच्या पेंढ्यांपुरता. ज्या कोठीत ते धान्य साठे तिची दारे त्याने केलेली असत, मात्र कोठीचा हिशेब लिहिणारा तो नसे. हिशेब लिहिणारे आपण. वाकस धरणारा हात आणि टाक धरणारा हात यांच्यामधील ही रेघ आपल्या पूर्वजांनी एकट्यांनी आखली नव्हती, पण तिच्या अलीकडे बसून त्यांनी तिचा लाभ मात्र पुरेपूर घेतला.

त्या लाकडाची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास धरला जातो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या दिवशी गावाकडून निरोप आले आणि काहींच्या घरी ते आलेच नाहीत. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी जे नोंदवले ते आपण नीट समजून घ्यावयास हवे होते. माणसे मारली ती मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंतींनी आणि दर पावसाळ्याआधी भर घालत घालत दीड-दोन फूट जाड झालेल्या माळवदाच्या मातीने. लाकडी सांगाडा जेथे सुस्थितीत आणि नीट सांधलेला होता, तेथे भिंती बाहेर कोसळूनही तो पुष्कळदा उभा राहिला. ‘भिंती पडल्या तरी खण राहिले’ असे या पाहणीचे सार मराठीत सांगता येईल.

परंतु लोकांच्या मनाने उलट धडा घेतला. जुने ते सारे घातक, असा समज पसरला. बावन्न गावे नव्या जागी, नव्या पद्धतीने वसवली गेली. त्या दुःखात हे होणे स्वाभाविकच होते आणि दूर शहरात बसून त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र जेथे भूकंपाचा धक्का सौम्य होता त्या गावांतूनही वाडे उतरवले जाऊ लागले, आणि शंभर-दीडशे वर्षांचा साग, कोरीव हस्त, नक्षीदार चौकटी ट्रकांत भरून शहरांच्या बाजारात आल्या. आज एखाद्या उपाहारगृहाच्या दर्शनी भागात उभा असलेला खांब कोणाच्या ढाळजेचा, हे त्या खांबालाच ठाऊक.

हैदराबादेतही चित्र फारसे वेगळे नाही. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर १९१२ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले आणि शहर नदीपासून दूर, उत्तरेकडे मोकळ्या जागी पसरू लागले. नारायणगुडा, बरकतपुरा, चिक्कडपल्ली या वस्त्यांतून नोकरदारांची बैठी घरे उभी राहिली. समोर ओटा, मध्ये चौक किंवा तेलुगू मंडळी ज्यास मंडुवा म्हणतात तसा उघडा भाग, मागे विहीर आणि एखादी कौलारू कोठी, असे त्यांचे रूप. लाकूड बहुधा आदिलाबादकडचा साग. चिक्कडपल्लीत आज त्यागराय गानसभेपासून अशोकनगरकडे चालत गेले तर अशी घरे बोटांवर मोजता येतात. बाकीच्यांच्या जागी सदनिका आल्या. त्या घरांच्या तुळया भोईगुड्याकडील लाकडाच्या वखारींत आल्या, तेथे चिरल्या गेल्या आणि नव्या दारांचे पातळ पत्रे होऊन पुन्हा आपल्याच सदनिकांत बसल्या.

आता पाठीकडे येऊ. लेखणी गेली, टंकलेखनयंत्र आले आणि गेले, संगणक आला, पण बसणे तेवढे कायम राहिले. आल्फ नाकेमसन या स्वीडिश वैद्यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. सरळ बसण्याविषयी त्यांच्या आकड्यांशी पुढील संशोधकांनी मतभेद दाखवला आहे. परंतु पुढे वाकून बसल्याने दाब वाढतो, याविषयी दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती. अपंगत्वाच्या कारणांत तिचा क्रम जगात पहिला लागतो.

या दुखण्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच आज्ञा होती: पडून राहा. फळीवर निजणे, आठवडेच्या आठवडे न उठणे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी निष्ठेने केले. ती आज्ञा शास्त्राने मागे घेतली त्यास आता बराच काळ लोटला. १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांची विश्रांती व सात दिवसांची विश्रांती यांची तुलना केली, तेव्हा जास्त निजल्याने जास्त बरे वाटते असे दिसले नाही. १९९५ साली हेलसिंकीतील अभ्यासात तर असे आढळले की, सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण निजून राहणाऱ्यांपेक्षा आणि ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर सुधारले. अर्थात पायांतील बळ जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप येणे किंवा वजन घटणे अशी लक्षणे असतील तर ती गोष्ट वेगळी. तेथे विलंब न लावता वैद्याकडेच जावे.

काम हेच औषध, ही कल्पना मात्र या अभ्यासांहून जुनी आहे आणि तिच्या इतिहासात सुतारकामाला मानाचे स्थान आहे. अमेरिकेतील जॉर्ज एडवर्ड बार्टन (१८७१–१९२३) हे व्यवसायाने वास्तुविशारद. क्षयाने त्यांना ग्रासले, पुढे डाव्या पायाचा काही भाग कापावा लागला आणि त्यानंतर शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी १९१४ साली त्यांनी एक घर घेतले, त्यास ‘सांत्वनगृह’ अशा अर्थाचे नाव दिले आणि सुतारकाम व बागकाम यांचा पहिला प्रयोग स्वतःच्याच देहावर केला. हात चालू लागला, मग बाजू चालू लागली. १९१७ च्या मार्चमध्ये त्याच घरात काही मंडळी जमली आणि व्यवसायोपचाराचा पुरस्कार करणारी अमेरिकेतील राष्ट्रीय संस्था तेथे स्थापन झाली. जो माणूस इतरांची घरे कागदावर रेखाटीत असे, तो स्वतः रंधा हाती घेतल्यावर सावरला, ही गोष्ट आपल्यासारख्या कागदावर जगणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हे शास्त्र आपल्या देशात आले ते एका मराठी घराच्या उंबरठ्यावरून. न्यू जर्सीत १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या क्वेकर पंथीय तरुणीने विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि १९३० साली ती कमला निंबकर होऊन मुंबईस आली. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० साली परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात या विषयाची भारतातील पहिली शिक्षणसंस्था सुरू केली. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक राष्ट्रांत भारताचे नाव लागले. फलटणची कृषी संशोधन संस्था स्थापणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे पुत्र. कमलाबाई १९७९ साली निवर्तल्या. आपल्या नियतकालिकांतून त्यांच्यावर जेवढे लिहिले जावयास हवे होते तेवढे झाले नाही.

त्या काळच्या उपचारशाळांत सुतारकामाची विभागणी मोठ्या विचाराने केलेली असे. सायकलीसारखे पाय मारून चालवावयाची नक्षी-करवत गुडघ्यासाठी आणि घोट्यासाठी. उतरत्या फळीवर पॉलिशकागद घासणे खांद्यासाठी, आणि उतार जसजसा वाढवावा तसतसा जोर वाढे. रंधा मारणे हे पाय, कंबर आणि खांदे एका लयीत आणण्यासाठी. रुग्णाचे लक्ष दुखण्यावर न राहता लाकडावर राहते, हा त्यातील मनाचा भाग. आणि दिवसाअखेर एखादा पाट किंवा चौरंग पुरा होतो, तेव्हा आपण अगदीच निरुपयोगी नाही, ही खात्री पटते. व्यायामाने स्नायू सुधारतो, परंतु त्यातून चौरंग होत नाही.

याच सुमारास आपल्या देशात हातकामाचा विचार आणखी एका दिशेने चालला होता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन. त्यांचा जन्म १८९७ साली आपल्या हैदराबादेतच झाला. समितीने शाळेत शिकवण्याजोग्या मूलोद्योगांत सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही घातले. गांधीजींचा हेतू केवळ मुलाने वस्तू बनवावी एवढा नव्हता. ज्या घरांतील मुले पिढ्यान्‌पिढ्या लेखणीखेरीज काही धरीत नाहीत त्यांच्या हातांत हत्यार यावे आणि जो ते धरतो त्याच्याविषयीचा तुच्छभाव जावा, हा त्यामागील मोठा हेतू होता. ती योजना फार काळ टिकली नाही. आपल्या शाळांतही हस्तव्यवसायाचा तास राहिला तो वेळापत्रकापुरता.

जे वर्ध्याच्या योजनेने साधले नाही ते पुष्कळदा पाठदुखीने साधते. आमच्या बाबतीत तसेच झाले, म्हणून येथे थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. चिक्कडपल्लीतील आमच्या घरामागे सहा खांबांची एक कौलारू कोठी आहे. पूर्वी तिच्यात गाय व वैरण असे, नंतर सरपण, नंतर अडगळ. कंबरेच्या दुखण्यातून उठल्यावर आम्हांस अर्ध्या तासापेक्षा अधिक बसू नये, उभ्याने हलके काम करावे, असे सांगण्यात आले. उभ्याने करण्याजोगे काम घरात पाहू लागलो तेव्हा दृष्टीस पडली ती कोठीच. दोन खांबांचे पाय वाळवीने व ओलीने खाल्ले होते. पूर्वी कधीतरी त्यांच्या बुडाशी सिमेंट थापले होते. सिमेंटने ओल आतच कोंडली आणि लाकूड भुसभुशीत झाले. वरचा साग मात्र हातोडीने ठोकला असता खणखणीत वाजत होता.

दुरुस्ती केली ती एका वयोवृद्ध वडरंगींनी, आणि आम्ही त्यांच्या हाताखाली राहिलो. उचलणे आणि ओढणे आम्हांस वर्ज्य होते. रंधा मारणे, घासणे, खुंट्या तासणे एवढेच आमच्याकडे आले. त्यांनी आधी तुळईखाली टेकू लावले, भार खांबावरून टेकूवर घेतला, आणि मगच खांबास हात लावला. कुजलेला तेवढा हातभर भाग तिरप्या कापाने काढला. भोईगुड्याहून आणलेल्या जुन्या सागाचा तुकडा त्याच कापात बसवून लाकडी खुंट्यांनी जखडला. बुडाशी सिमेंटऐवजी दगडाचा उथळा दिला, म्हणजे लाकूड जमिनीपासून सुटे राहते आणि वाळते. नवा सांधा बसल्यावरही त्यांनी टेकू काही दिवस काढले नाहीत, रोज थोडे थोडे सैल केले. आम्ही काम भराभर आटोपू पाहिले की म्हणत, ‘‘तोंदर वद्दु, पंतुलुगारू.’’ घाई नको. पाठीच्या बाबतीत हीच आज्ञा आम्हांस मिळालेली होती आणि तीही याच क्रमाने: आधी भार हलका करा, दुखरा भाग तेवढाच सांभाळा, चांगल्या भागाला काम द्या आणि भार हळूहळू परत आणा.

जुन्या लाकडाच्या दुरुस्तीची ही रीत म्हणजे आमच्या वडरंगींची एकट्याची युक्ती नव्हे. स्मारके व वास्तुस्थळे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९९९ साली मेक्सिकोत लाकडी वास्तूंच्या जतनाची तत्त्वे संमत केली आणि २०१७ साली दिल्लीच्या अधिवेशनात ती सुधारून घेतली. कमीत कमी हस्तक्षेप, शक्य तेवढे मूळ लाकूड राखणे, नवा तुकडा जुन्याच जातीचा व जुन्याच पद्धतीच्या सांध्याने बसवणे, हा त्यांचा गाभा. परिषदेने ठरावात लिहिले ते वडरंगींच्या हातात होते. फरक इतकाच की ठराव छापला गेला, आणि हात मात्र पुढच्या पिढीत जाण्याची खात्री नाही. त्यांची मुले या धंद्यात नाहीत, असे त्यांनी सहज सांगितले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सुतारकामाने पाठ सुधारते, असे सरसकट म्हणणे हे ज्यांचे पोट त्यावर नाही त्यांनाच परवडते. आपल्याकडील पारंपरिक सुतार जमिनीवर उकिडवा बसून, लाकूड पायाच्या बोटांनी धरून दिवसभर काम करतो. ओंडके उचलतो आणि भुसा श्वासाबरोबर आत घेतो. त्याची कंबर दुखते तेव्हा तिला कोणी उपचार म्हणत नाही. औषध आणि कष्ट यांत भेद मात्रेचा आहे. आम्ही अर्धा तास रंधा मारला, कंबरेइतक्या उंचीच्या मेजावर, आणि थकताच थांबलो. वडरंगींना थांबण्याची मुभा दिवसाच्या मजुरीने दिली नसती. म्हणून पुढे आम्ही कामाचा दर दिवसावर न ठेवता सांध्यावर ठेवला आणि उंच मेज त्यांच्यासाठीही मांडले. त्यांनी दोन दिवस ते वापरून पाहिले, बरे आहे म्हणाले, आणि बारीक कामापुरते जमिनीवरच बसणे पसंत केले. इतक्या वर्षांची बैठक एका मेजाने मोडत नाही.

या सर्वांतून आम्हांस जे वाटते ते असे. लेखणीचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला, आता खणांचा इतिहास लिहावा. ज्यांची गावाकडची घरे अद्याप उभी आहेत त्यांनी ती विकण्याचा निर्णय अवश्य घ्यावा, व्यवहार कोणाला चुकला आहे? परंतु त्याआधी एकदा जाऊन खण मोजावेत, छतावरील मातीचा जादा भार उतरवावा, खांबांचे पाय पाहावेत आणि जाणत्या सुताराकडून सांगाडा तपासून घ्यावा. पुष्कळदा असे आढळेल की जे घर पडायला आले म्हणून सोडून दिले त्याचे केवळ दोन पाय कुजले आहेत. आणि ते घर ज्या सुताराच्या पूर्वजांनी बांधले ते घराणे गावात असेल तर त्यांची नावे विचारून लिहून घ्यावीत. आपल्या वंशावळी आपल्याजवळ आहेत, पण आपल्या घरांच्या वंशावळी त्यांच्याजवळ आहेत. तो कागद आपल्या दप्तरात एकदा दाखल झाला, म्हणजे लेखणीनेही आपले थोडे ऋण फेडले असे होईल.